कोणता कॅमेरा घेऊ?

दरवर्षी पावसाळा संपून ऑक्टोबरात ताडोबाचा कोअर भाग पुन्हा उघडला, की ऑफिसातल्या कुणाला तरी वाघाचे आणि पाठोपाठ कॅमेऱ्याचे वेध लागतात. मग माझ्या टेबलापाशी येऊन, "अरे, तू चंद्रपूरचा ना? कोणता कॅमेरा घेऊ?" जणू प्रत्येक चंद्रपूरकराच्या अंगणात एक वाघ आणि कपाटात एक टेलिलेन्स असते! असो.

माझा उलटा प्रश्न ठरलेला. "फोटो कशाचा काढायचाय, आणि काढून करायचंय काय?" रिक्वायरमेंट न विचारता कोड लिहायला बसणाऱ्याची जी गत होते, तीच मेगापिक्सेल मोजून कॅमेरा घेणाऱ्याची होते. भिंतीएवढा प्रिंट काढणार नसाल तर बारा काय नि चोवीस काय, फारसा फरक पडत नाही.

"मोबाईल आहे की" म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, व्याघ्रप्रकल्पाच्या कोअर भागात सफारीला मोबाईल वापरायला बंदी आहे. म्हणजे तिथे कॅमेरा हवाच.

आता जंगलाचा हिशोब. सकाळची सफारी उजाडता उजाडता सुरू होते. साग आणि बांबूच्या दाटीत पहिला तासभर उजेड जेमतेम, आणि वाघ दिसण्याची शक्यता नेमकी तेव्हाच जास्त. तेव्हा खरा प्रश्न उजेडाचा आहे. दुकानात ज्याचं कौतुक ऐकवतात तो मोठ्या झूमचा कॅमेरा घ्या. त्याचा सेन्सर साधारण २८ चौरस मिलिमीटरचा, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही लहान. लेन्स बदलता येणाऱ्या नेहमीच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३७० च्या आसपास, जवळपास तेरापट. भर दुपारी पाणवठ्यावर दोघांचेही फोटो छान येतील, पण पहाटे सहाला लहान सेन्सरच्या फोटोत पट्टे कमी आणि रवा जास्त दिसतो. लेन्सचंही तसंच. एफ २.८ ची लेन्स एफ ६.३ च्या पाचपट उजेड आत घेते. अर्थात किंमत आणि वजन दोन्ही त्याच चालीने वाढतात.

दुसरा हिशोब धुळीचा. उन्हाळ्यात समोरची जिप्सी गेली की मागच्यांचे पावडर लावल्यासारखे चेहरे होतात. तिथे लेन्स बदलायला जाऊ नका. एकच झूम लेन्स घरून लावून न्या. गाडीत ट्रायपॉड मांडायला जागा नसते. कापडी पिशवीत दोनेक किलो तांदूळ भरा, तोंड शिवा आणि गाडीच्या दांडीवर ठेवून त्यावर लेन्स टेकवा. अशी भक्कम बैठक महागड्या स्टँडनेही मिळत नाही.

तिसरा हिशोब अंतराचा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. ३१ डिसेंबर २०२४ ला शेजारच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले, आणि सफारीच्या गाड्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी कोंडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी दोष गाईड-ड्रायव्हरच्या माथी जातो. पण "भाऊ, जरा पुढे घ्या ना" हे मागच्या सीटवरून कोण म्हणतं? तेव्हा ४०० मिलिमीटरची लेन्स ही मी चैन समजत नाही, ती लांब राहण्याची सोय आहे. आणि बजेटात ती बसत नसेल तर छोट्या लेन्सने मोठं चित्र टिपा: धुकं, बांबू, रस्ता, आणि त्यात दूरवर चिमुकला वाघ. तो फोटो मला तरी क्लोजअपपेक्षा खरा वाटतो.

गंमत म्हणजे वाघांचे सगळ्यात उपयोगी फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याच्या मागे माणूसच नसतो. गणनेसाठी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना झाडांवर कॅमेरा ट्रॅप बांधतात. जनावर समोरून गेलं की ते आपोआप फोटो काढतात. जोडीने का? तर वाघाच्या डाव्या-उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, आणि त्यावरूनच हा वाघ कोणता ते ठरतं. फोटो कलात्मक नसतो, कधी शेपटी कापलेली असते. पण काम नेमकं ठरलेलं आहे आणि कॅमेरा त्या कामापुरता आहे.

माझी मावसबहीण गडचिरोली जिल्ह्यात शिक्षिका आहे. तिनेही कॅमेऱ्याचं विचारलं, तेव्हा मी सवयीने लेन्सवर घसरलो. तिने मध्येच तोडलं, "दादा, वाघाचा फोटो काहाले पाहिजे? इथं तो दिसला नाही तेच बरं!" जंगलाला लागून ज्यांची शेतं आहेत त्यांच्या दृष्टीने हे शंभर टक्के खरं. तिला हवी होती मार्चमधली मोहफुलांची वेचणी, मे महिन्यातले तेंदूपत्त्याचे पुडे, वर्गातल्या पोरांनी आणलेली पानं-फुलं. मी म्हटलं, काहीच घेऊ नकोस. तुझ्या मोबाईलवर हे उत्तम येतं. पैसे असतील तर एक हार्ड डिस्क घे आणि दर महिन्याला फोटो त्यात उतरव, तारीख आणि झाडाचं नाव लिहून. दहा वर्षांनी तो खजिना होईल.

राहता राहिली खरेदी. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कॅमेरा पारखू नका. एखादा दिवस भाड्याने घ्या, संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी बाहेर पडा आणि गल्लीतल्या पळत्या कुत्र्याचे लांबूनच पन्नास फोटो काढा. त्यातले पाच जरी स्पष्ट आले आणि तुमची मान अवघडली नाही, तर तो कॅमेरा तुमचा.