जोडबॅटरी

पूर्ण झालेल्या वस्तूला आणखी काही जोडावे की नाही, याविषयी जगात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, करणाऱ्याने विचार करूनच ती केलेली असते, आपण तीत हात घालू नये. दुसरा पक्ष नवे पातेले घरात आले की त्यावर नाव घालून घेतल्याखेरीज ते चुलीवर चढू देत नाही. मंजूर झालेल्या मसुद्यावर पुन्हा शाई चालवू नये, ही कचेरीतील पहिली शिकवण. तेव्हा आमच्यासारख्या कारकुनाची जागा पहिल्या पक्षात, हे उघड आहे. परंतु गेले काही महिने आमचे मन दुसऱ्या पक्षाकडे झुकते आहे. त्याला निमित्त झाली आहे एक मोटार. ती आमची नाही, आणि आम्ही ती कधी डोळ्यांनी पाहिलेलीही नाही.

ही मोटार आमच्या धाकट्या मामांची. मामा कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले. २००६ साली त्यांनी टोयोटाची प्रायस घेतली. ही संकरित जातीची गाडी, म्हणजे तीत पेट्रोलचे इंजिनही असते आणि विजेची मोटरही. आम्ही त्या वेळी शाळा-कॉलेजच्या सीमेवर होतो. मामांची लांबलचक पत्रे संगणकावर येत. ती कागदावर छापून घेऊन वाईच्या घरी मातोश्रींना मोठ्याने वाचून दाखविणे, हे काम आमच्याकडे असे. भावाच्या गाडीचे वर्णन त्या भावाच्या प्रकृतीइतक्याच आस्थेने ऐकत.

त्या गाडीची बॅटरी अवघी १.३ युनिटची. तीही पुरती वापरावयाची नाही. जाणती गृहिणी धान्याचा डबा तळाला जाऊ देत नाही आणि काठोकाठही भरीत नाही, तसा गाडीचा संगणक ती बॅटरी मधल्या पट्ट्यातच राखतो. ही वीज येते कोठून? ब्रेक दाबला म्हणजे चाकांची जी गती एरवी उष्णता होऊन वाया जावयाची, तिची वीज करून साठविली जाते, आणि उरलेली इंजिन पुरविते. गाडीला भिंतीशी जोडावे लागत नाही, हा तेव्हा तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जाई. पण बारकाईने हिशेब केला तर त्या विजेचा कण न् कण मूळचा पेट्रोलचाच. आपणच केलेल्या खर्चातून चार पैसे परत गोळा करणे, यापलीकडे तीत नवी आवक नव्हती. जपानात व युरोपात विकल्या जाणाऱ्या याच गाडीला केवळ विजेवर चालण्याची एक कळ असे, पण बॅटरी एवढीशी असल्यामुळे मैलभरात तिची मजल संपे. अमेरिकेतील गाडीला ती कळही दिलेली नव्हती.

तेथील काही हौशी मंडळींना हे खटकले. कॅलिफोर्नियात डेव्हिस येथील विद्यापीठात प्राध्यापक अँड्र्यू फ्रँक हे विद्यार्थ्यांना हाताशी धरून घरच्या विजेवर भरता येणाऱ्या संकरित गाड्या १९९० नंतरच्या दशकापासूनच बांधीत होते. फेलिक्स क्रेमर यांनी २००२ साली ‘कॅलकार्स’ नावाची संस्था काढली. तिचे सहकारी रॉन ग्रेम्बन यांनी २००४ साली आपल्या प्रायसच्या मागील भागात विजेच्या सायकलींना लागणाऱ्या शिशाच्या बॅटऱ्या रचल्या, त्यांना एक प्लग दिला, आणि गाडी घरच्या विजेवर भरून दाखविली. पुढे हे काम कारखान्यांनी उचलले. कॅनडातील हायमोशन या कंपनीने लिथियमची ५ युनिटांची तयार पेटी केली. हायमोशन २००७ साली ए-१२३ या अमेरिकन कंपनीकडे गेली, आणि ती पेटी सुमारे १०,००० डॉलरांना बसवून मिळू लागली. मागच्या जादा चाकाच्या खळग्यात ती बसे, आणि रात्री भिंतीच्या प्लगला लावली की पाच-सहा तासांत भरे.

यातील गंमत पुढेच आहे. मूळ बॅटरी काढावयाची नाही, नवी तिच्या बाजूला जोडावयाची. मात्र गाडीचा संगणक मोठा संशयी. त्याला ठाऊक असलेली बॅटरी चिमुकली, म्हणून तो वीज जपून देणार आणि वारंवार इंजिन सुरू करणार. यासाठी जोडपेटी त्याला वेळोवेळी कळविते की, साठा भरपूर आहे, सढळ हाताने खर्च करावा. अशा रीतीने विश्वासात घेतल्यावर तीच मोटर, तीच चाके, पण सावकाश चाल असेल तर गाडी कित्येक मैल इंजिनाशिवाय जाते. ताशी सुमारे ६८ किलोमीटरच्या पुढे मात्र इंजिन फिरावेच लागते. तेथे कोणतीही जोड चालत नाही, कारण ती मर्यादा यंत्राच्या घडणीतच आहे.

मामांनी २००८ च्या उन्हाळ्यात एका लहानशा कारखान्याकडून अशी पेटी बसवून घेतली. ते पत्र आम्ही मातोश्रींना वाचून दाखविले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न केला, “आधीची काढून टाकली का रे?”

“नाही. ती आहे तशीच आहे. नवी शेजारी बसवली.”

“मग बरं,” त्या म्हणाल्या आणि निवडण्याचे सूप पुन्हा पुढे ओढले.

आम्हांस आकडेमोडीची खोड तेव्हापासूनचीच. मामा वर्षाला १२,००० मैल गाडी चालवीत. गॅलनला ४५ मैल धरले तर सुमारे २६७ गॅलन पेट्रोल. पेटीमुळे गॅलनला ९० मैल पडले, असे उदारपणे मानले तरी १३३ गॅलन वाचणार. त्या उन्हाळ्यात तेथे पेट्रोलने गॅलनला ४ डॉलरची मर्यादा ओलांडली होती. त्या भावानेही बचत वर्षाला सव्वापाचशे-साडेपाचशे डॉलरांची. पेटीची किंमत दहा हजारांच्या घरात. विजेचे बिल जमेस न धरताही पैसे वसूल होण्यास अठरा-एकोणीस वर्षे! त्यातून वर्ष संपण्यापूर्वीच पेट्रोल दोन डॉलरांच्या खाली आले. आम्ही हे सारे सविनय कळविले. मामांचे उत्तर दूरध्वनीवरून आले, “हिशेब बरोबर आहे तुझा. पण गाडीत सगळं होतं रे. फक्त बाहेरून घ्यायला तोंड नव्हतं.”

ज्यांनी पदरमोड करून या पेट्या बसविल्या, त्यांतील बहुतेकांना वसुलीची आशा नसावी. लोकांना असे काही हवे आहे, हे कारखानदारांच्या डोळ्यांसमोर यावे, एवढाच त्यांचा आग्रह. तो अगदीच वाया गेला नाही. २०१० च्या अखेरीस जनरल मोटर्सची व्होल्ट, आणि २०१२ साली खुद्द टोयोटाची प्लग असलेली प्रायस बाजारात आली. तिची बॅटरी ४.४ युनिटांची होती. आपल्या पुण्यातही २०१० साली केपीआयटी कमिन्स कंपनीने साध्या मोटारींना संकरित करणारे ‘रेव्होलो’ नावाचे जोडसाहित्य जाहीर केले होते. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम ५२ आडवे येते: नोंदणीतील तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाने परभारे करावयाचा नाही. अशा जोडसाहित्याला वाट देणारी नियमदुरुस्ती २०१६ साली झाली. सरकारी वेग आम्ही जाणतो, म्हणून त्यावर भाष्य करीत नाही.

ए-१२३ कंपनीने २०१२ च्या ऑक्टोबरात दिवाळखोरीचा अर्ज केला. मामांची पेटी दुसऱ्याच कारखान्याची, परंतु वय कोणाला चुकत नाही. सात-आठ वर्षांनी तिचा जोर ओसरला आणि मामांनी ती काढून टाकली. गाडी जुन्या बॅटरीवर पूर्ववत चालू लागली. आम्ही विचारले, “मग अडलं काय?”

“अडलं काहीच नाही,” मामा म्हणाले, “पण सकाळी गल्लीतून आवाज न करता निघायची, ते गेलं.”

हे वाक्य आम्हांस गेल्या दिवाळीपासून पुनःपुन्हा आठवते आहे. त्याचे कारण असे. आम्ही बारा वर्षांहून अधिक काळ दिल्लीस आहोत. आमची कन्या आठ वर्षांची असून ती येथेच वाढली. घरात आम्ही मराठी बोलतो. परंतु सायंकाळी कचेरीतून आलेले आम्ही आणि स्वयंपाकात गुंतलेली सौभाग्यवती यांच्या तोंडून जे दहा-पंधरा ठरीव शब्द निघतात, तेच फिरून तिच्या तोंडून आम्हांस परत मिळतात. नवी आवक नाही. दर उन्हाळ्यात आम्ही तिला गोवा एक्स्प्रेसने साताऱ्यास उतरवून वाईला नेतो. तेथे घाटावरची मुले, शेजारच्या वाड्यातील भांडणे आणि आजीच्या म्हणी, हे सारे सहा आठवडे तिच्या कानांवर असते. जुलैत दिल्लीस परतते ती वेगळीच मुलगी. “पाऊस कसला मरणाचा कोसळतोय!” असे ती खिडकीतून ओरडते, तेव्हा सरकारी वसाहतीतील आमचा दुसरा मजला क्षणभर कृष्णाकाठी जातो. ही शिदोरी नवरात्रापर्यंत पुरते. मग हळूहळू हिंदीचे इंजिन सुरू होते, आणि पुढल्या पावसाची वर्दी “पाऊस होतो आहे” अशी मिळते.

गेल्या दिवाळीत मातोश्री गुडघ्यांमुळे पुण्यास आमच्या वडील बंधूंकडे राहावयास गेल्या. बंधूंनी आम्हांस सविस्तर पत्र धाडले. वाईच्या वाड्यातील आपल्या दोन खोल्या आता वर्षातून सेहेचाळीस आठवडे बंद राहणार. कौले शाकारणे, घरपट्टी, वाळवी, हा खर्च कोणासाठी? गिऱ्हाईक आले आहे. मुले सुट्टीत पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहतील. दादांचे सारे मुद्दे रास्त आहेत. आम्ही त्यात आमचीही भर घातली: स्वग्रामाची प्रवास सवलत दोन वर्षांतून एकदा मिळते, मधल्या उन्हाळ्याचे तिघांचे भाडे खिशातून जाते. जमेच्या बाजूला लिहिण्यासारखा एकही आकडा आम्हांस सापडला नाही.

आणि खोल्या गेल्या तरी अडणार काहीच नाही, हे आम्ही जाणतो. कन्या परीक्षांत पहिली येत राहील, हिंदी-इंग्रजीवर तिचे आयुष्य सुखाने चालेल, आजीशी दूरध्वनीवर कुशल विचारण्याइतकी मराठीही उरेल. परमुलुखात नोकरी करणाऱ्या आपणा सर्वांच्या घरी हे असेच होत आले आहे, आणि त्यामुळे कोणाची गाडी रस्त्यात बंद पडल्याचे ऐकिवात नाही. जे जाते ते इतके निःशब्द असते की, त्याची नोंद कोणत्याच खतावणीत होत नाही.

शेवटी आम्ही दादांस लिहिले: आपला हिशेब तपासला, त्यात खोडण्याजोगे काही नाही. तथापि खोल्या तूर्त विकू नयेत. शाकारणीचा निम्मा खर्च आम्ही देऊ, आणि मे महिन्यात मातोश्रींना गाडी करून सहा आठवड्यांसाठी वाईला आणू. गुडघ्यांसाठी खुर्ची-पलंगाची सोय करू. त्यांचे उत्तर अद्याप आलेले नाही. आमचा रजेचा अर्ज मात्र आम्ही वेळेवर सादर केला आहे, आणि साहेबांनी त्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा मारला आहे.