कुणी कुठली बांधी चालायची

सगळ्यांना तिथेच जायचं असतं. मागच्या हिवाळ्यात जिथे खापऱ्या दिसल्या, ज्या टेकडीच्या पायथ्याशी काळ्या, जड धातुमळीचे गोळे पडलेले होते, ती जागा नकाशावर दिसली की पाच-सहा बोटं एकदम तिच्यावर येतात. इतिहासाच्या वर्गातली ही मुलं धानाची कापणी आटोपली की माझ्याबरोबर सिंदेवाही तालुक्यातली शेतं चालायला येतात. खणायचं नाही, उचलून घरी न्यायचं नाही. जमिनीवर उघडं पडलेलं पाहायचं, जागा नोंदवायची, फोटो काढायचा आणि वस्तू होती तशी राहू द्यायची. पुरातत्त्वात याला पृष्ठभागाची पाहणी म्हणतात. तिच्यातलं सगळ्यात कठीण काम चालायला लागण्याआधीच करावं लागतं, कुणी कुठली बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा बांध घातलेला तुकडा, चालायची हे ठरवताना.

आम्ही मुख्यतः लोखंडाच्या मागावर असतो. हा पट्टा त्यासाठी जुना आहे. लोहारा, पिपळगाव, रत्नापूर, ब्रह्मपुरीकडची लोहारडोंगरी: चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातल्या लोहखनिजाच्या जागा म्हणून ही नावं इंग्रजांच्या काळापासून कागदावर आहेत. मातीच्या छोट्या भट्ट्या, लाकडी कोळसा आणि भाता एवढ्यावर इथे लोखंड गाळलं जात असे. भट्टी मोडून जाते, लोखंड तर गावोगावच्या नांगराच्या फाळात निघून जातं. मागे उरते ती मळी. तिला कुणी चोरत नाही, ती कुजत नाही, नांगर तिला फार तर इकडून तिकडे लोटतो.

या लोखंडाच्या शोधात इथे येऊन गेलेल्यांमध्ये एक मोठं नाव आहे. 1882 साली रिटर फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोहउद्योगाच्या शक्यतेवरचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि तो जमशेदजी टाटांच्या वाचनात आला. लोहाऱ्याचं खनिज उत्तम आहे, जवळच वरोऱ्याला कोळसा आहे, असं ते चित्र होतं. टाटांनी वरोऱ्याचा कोळसा जर्मनीत तपासून घेतला. पोलादाच्या भट्टीला तो चालणार नाही असं निघालं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. एम. वेल्ड हा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ आणि दोराबजी टाटा बैलगाड्या घेऊन चांद्याच्या जंगलात हिंडले. खनिज चांगलं होतं, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढं नव्हतं. हे सांगायला दोराबजी नागपूरला सचिवालयात गेले. ज्यांना भेटायचं होतं ते अधिकारी जागेवर नव्हते, म्हणून वेळ काढायला समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे दुर्गकडच्या भागाचा भूगर्भीय नकाशा लागलेला होता आणि त्यावर लोखंडाच्या खुणेचा गडद रंग होता. भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांनी 1887 च्या सुमारास केलेल्या पाहणीचं ते फळ. त्या नकाशाच्या आधारानं शोधपथक दल्ली-राजहराच्या डोंगरांपर्यंत पोचलं. त्याच बोसांच्या पत्रामुळे टाटा शेवटी मयूरभंजातल्या गोरुमहिसानीला गेले आणि 1907 साली टाटांची पोलाद कंपनी उभी राहिली. दल्ली-राजहराचं खनिज पुढे भिलाईच्या पोलाद कारखान्याला मिळालं.

ही गोष्ट मी प्रत्येक तुकडीला पहिल्या संध्याकाळी सांगते, आणि सांगताना नकाशाच्या त्या गडद रंगावर थांबते. तो रंग भरला गेला तेव्हा बोस यांच्यासमोर टाटांचा कारखाना नव्हता. त्यांना नेमून दिलेला भाग त्यांनी पाहिला आणि लिहून ठेवला. इतक्या वर्षांनी दुसऱ्याच कुणाला तो उपयोगी पडला. आमच्या मुलांनी भरलेला तक्ता मला तसा हवा असतो.

म्हणून मी पट्टे चिठ्ठ्या टाकून वाटते. मळी जिथे दिसली ती टेकडी एका जोडीला मिळते, एखाद्या जोडीला तलावाच्या पाळीखालची बांधी, एखादीला गावाच्या आखरापलीकडची पडीत जमीन आणि एका जोडीला हमखास असा पट्टा, जिथे काही सापडेल असं कुणालाच वाटत नाही. त्या जोडीचे चेहरे उतरतात. पण सगळे मळीच्याच जागी गेले, तर संध्याकाळी एवढंच कळेल की मळीच्या जागी मळी आहे. ती तिथेच का आहे, नाल्याच्या अलीकडे का आहे आणि पलीकडे का नाही, हे सांगण्यासाठी पलीकडचं शेत कुणीतरी तेवढ्याच लक्ष देऊन चाललेलं असावं लागतं. ‘काही नाही’ ही नोंद मी कोरी सोडू देत नाही. किती वाजता चालले, ऊन कुठून होतं, जमीन उघडी होती की लाखोळीनं झाकलेली, हे सगळं तिच्यापुढे लिहायचं.

लाखोळीचा प्रश्न इथे खरा आहे. धान उभं असतानाच ओल्या बांधीत लाखोळी किंवा जवस फेकायची उतेऱ्याची रीत आहे. कापणीनंतर आठवड्याभरात काही बांध्या हिरव्या होतात आणि माती दिसेनाशी होते. अशा शेतात काही दिसलं नाही तर त्याचा अर्थ फक्त एवढाच की लाखोळी चांगली उगवली आहे. त्यामुळे पट्टे पाडताना मी आधी काय सापडेल हे बघत नाही, कुठे दिसेल हे बघते. सकाळचं तिरपं ऊन, धसकटांमधली मोकळी माती, साळिंदरानं उकरलेल्या बिळाच्या तोंडाशी आलेला ढिगारा, वारुळाचा पायथा, नुकत्याच खणलेल्या विहिरीची बाहेर पडलेली माती. खणायची परवानगी नसलेल्याला जमिनीच्या पोटातलं जे थोडं पाहायला मिळतं, ते अशा ठिकाणी.

मात्र माती नेहमी आपल्या जागी असतेच असं नाही, आणि झाडीपट्टीत तर फारच कमी. या मुलखात पावलापावलावर तलाव आणि बोड्या आहेत. कोहळी समाजाच्या माणसांनी बांधलेले, मालगुजारांच्या ताब्यात असलेले आणि आता कागदोपत्री माजी मालगुजारी म्हणजे मामा तलाव म्हणवले जाणारे. तलावाच्या पाळीवर खापरी दिसली की नवीन मुलं उडी मारतात. पण पाळीची माती तलावाच्या पोटातून किंवा बाजूच्या शेतातून आणून रचलेली असते, आणि खापरी तिच्याबरोबर वर चढलेली असते. वस्ती पाळीवर नव्हती, ती जिथून माती उचलली तिथे असेल, कदाचित आता पाण्याखाली. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तलावांचा गाळ ट्रॅक्टरनं शेतांवर टाकला जातो. शेतीला ते चांगलंच आहे. पण आता कुठल्याही बांधीत उतरण्याआधी मालकाला पहिला प्रश्न हाच विचारावा लागतो, की इथे गाळ टाकला का, आणि कुठला.

जागा निवडायला कागद मदत करतात. टोपोशीट हवीच. लुसी-स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा 1869 चा अहवाल मी वर्षानुवर्षं उलटत आले आहे. पण सगळ्यात जास्त उपयोग मला महसुली यादीतल्या ‘रिठी’ या शेऱ्याचा झाला आहे. गावाला नाव आहे, शिवार आहे, माणूस एकही नाही. ओसाड गावाची पांढरी माती, मोडक्या विहिरीचा काठ आणि एखादा शेंदूर लावलेला दगड हे शोधायला अशा शिवारात फार फिरावं लागत नाही. आणि गावांची नावं किती टिकतात याचा दाखला शेजारच्या नागभीड तालुक्यात आहे. देवटेकच्या शिलेवर अशोककालीन ब्राह्मीत प्राण्यांना धरण्या-मारण्यास मनाई करणारा लेख आहे, आणि त्याच शिलेवर पुढे वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा लेख कोरलेला आहे. त्यातलं चिक्कंबरी म्हणजे देवटेकलगतचं चिकमारा, असं वा. वि. मिराशी यांनी ओळखलं. शिला आता नागपूरच्या संग्रहालयात आहे.

विदर्भातल्या महापाषाणीय संस्कृतीच्या अभ्यासानं आणखी एक शहाणपण दिलं आहे. शिळावर्तुळं बहुधा नांगराला न लागणाऱ्या मुरमाड, खडकाळ जमिनीवर असतात. माणसांची वस्ती पाण्याजवळच्या सुपीक मातीत. मेलेल्यांसाठी जगणाऱ्यांनी पिकाची जमीन अडवली नाही. पेंच नदीकाठच्या नायकुंडला 1970 च्या दशकाच्या शेवटी शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांच्या उत्खननात लोखंड गाळायची भट्टी मिळाली, मातीच्या विटांची, हवा फुंकायच्या नळ्यांसह. ते चित्र डोक्यात असलं की माणूस पायाखाली नुसता काळा दगड शोधत नाही, भाजून लाल झालेला नळीचा तुकडाही शोधतो. लोखंड गाळण्याची जागा मळीपेक्षा त्या नळीनं जास्त खात्रीनं सांगता येते, कारण मळी रस्त्यात भर म्हणूनही टाकली जाते.

मुलांपैकी कुणीतरी दर वर्षी यंत्राचं विचारतं. ‘मॅडम, डिटेक्टर आणला तर?’ व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेले असतात. मी कायदा सांगते: 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची जुनी वस्तू सापडली तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे, आणि परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळं. यंत्र फक्त आपल्या पायाखालचं सांगतं. पाय कुठे ठेवायचा हे त्याला कुणीतरी सांगावंच लागतं. त्यातून इथल्या लोहयुक्त मुरमात त्याला जमिनीचाच आवाज येत राहतो. आणि यंत्र वाजलं की हात खुरप्याकडे जातो. एकदा वस्तू मातीतून सुटली की ती कुणाच्या शेजारी, किती खोल, कुठल्या थरात होती हे परत लावता येत नाही. नाण्यापेक्षा मला त्या शेजाराची काळजी जास्त आहे.

जागा निवडायला सगळ्यात पक्की मदत होते ती रोवणीला जाणाऱ्या बायांची. वर्षानुवर्षं वाकून, अनवाणी पायांनी, चिखलात एकेक रोप लावणाऱ्या बाईला त्या बांधीचा तळ पाठ असतो. एकदा आम्ही टेकडीलगतचा पट्टा आखत होतो. बाजूला लाकडाची मोळी टेकवून बसलेल्या आजीबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, ‘तठी काई नाही भेटत जी बाई. रोवण्याच्या वेळेस त्या खालच्या बांधीत पायाले खापऱ्या टोचतेत.’ खालची बांधी आमच्या आखणीतच नव्हती. दुसऱ्या दिवशी आजीबाईंना विचारून पट्टे नव्यानं पाडले. त्यांच्या बांधीत जाड, काळ्या-तांबड्या खापऱ्या होत्या आणि धुऱ्याच्या कडेला मळी.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे मला याच संदर्भात आठवतात. 1983 साली पटेल-3 धानाच्या आपल्याच शेतात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, आणि त्यातून एचएमटी हा तांदूळ देशभर गेला. वेगळं दिसायला आधी नेहमीचं माहीत असावं लागतं. शहरातून आलेल्या आम्हाला या मातीतलं नेहमीचं काय ते ठाऊक नसतं. म्हणून आता प्रत्येक जोडीत मी गावातलं एक माणूस मागते, आणि त्याला किंवा तिला रोजंदारी मिळेल हे आधी ठरवते.

आणि एक गोष्ट आहे, जिच्यापुढे बाकीचं सगळं मागे सरतं. सिंदेवाही आणि ब्रह्मपुरीचं जंगल वाघाचं आहे, ताडोबाच्या हद्दीबाहेरचं असूनही. 2025 च्या मे महिन्यात याच तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्यांना पोटासाठी जंगलात जावं लागत होतं. आम्हाला तसं जावं लागत नाही. त्यामुळे कितीही चांगली जागा असली, तरी जंगलाला लागून असलेला पट्टा वनरक्षकाला विचारल्याशिवाय आखला जात नाही, सूर्य वर आल्याशिवाय आणि दोघांच्या मध्ये आवाज पोचेल एवढंच अंतर ठेवल्याशिवाय चालला जात नाही. ‘वाघ दिसला होता’ असं गावात कुणी म्हटलं की तो पट्टा त्या वर्षापुरता रद्द. या निर्णयावर मी चर्चा करू देत नाही, मुलांशी नाही आणि स्वतःशीही नाही.

यंदा रत्नापूरच्या बाजूला जायचा विचार आहे. प्रश्न साधा आहे: भट्ट्या खनिजाजवळ होत्या की कोळशाजवळ? लोखंड गाळायला कोळसा भरपूर लागतो. मग दगड उचलून झाडीकडे नेणं सोपं पडत असेल, की जळण टेकडीकडे आणणं? टेकडीचा पायथा बघून हे कळणार नाही. म्हणून टेकडीपासून दूर जाणाऱ्या दोन नाल्यांच्या काठानं पट्टे पाडले आहेत, दोन माणसांत दहा-बारा पावलं, आणि खनिजाच्या अगदी जवळचा पट्टा सगळ्यात शेवटी ठेवला आहे. पहिल्या दिवशी बऱ्याच जोड्या रिकाम्या हातांनी येतील. त्यांचे तक्ते मी आधी तपासणार आहे.