मेल निघाला, पण पोचला का?

भोसरी एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात मेल सर्व्हर बसला, की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘डेटा मिळेल ना?’ प्रश्न रास्त आहे, पण पुरेसा नाही. अशा ऑफिसात बहुधा मायक्रोसॉफ्टचा एक्सचेंज सर्व्हर असतो आणि त्याचा डेटा म्हणजे ईडीबी या प्रकारची एक भलीमोठी फाइल. ऑफिसातल्या सगळ्यांचे मेलबॉक्स तिच्यातच एकत्र नांदत असतात. मशीन गेलं तरी डिस्क शाबूत असेल तर ही फाइल बहुतेक वेळा हाती लागते, आणि तिच्यातून मेल उपसून देणारी सॉफ्टवेअरही बाजारात मिळतात. त्यामुळे ‘डेटा काढून दिला’ म्हटलं की बिल करायचं, अशी सवय आमच्या धंद्यात पडली आहे. मला ती मान्य नाही. बंद फाइलमधला मेल चालू सर्व्हरवर ज्याच्या त्याच्या मेलबॉक्समध्ये, मूळ फोल्डरात, मूळ तारखेनं आणि ‘रिप्लाय’ दाबल्यावर उत्तर जाईल अशा अवस्थेत बसला पाहिजे. त्याच्या अलीकडे थांबलं तर काम अर्धवट राहिलं, असंच मी म्हणेन.

हा आग्रह अतिरेकी वाटेल, म्हणून आधी भोसरीत मेलबॉक्समध्ये नेमकं काय असतं ते पाहू. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झालं. त्यानंतर पिंपरी, आकुर्डी आणि भोसरीच्या पट्ट्यात मोठ्या कंपन्यांना माल पुरवणारे छोटे कारखाने दाटीनं वाढत गेले. प्रेस पार्ट, मशीनिंग, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, जिग-फिक्श्चर अशी त्यांची कामं. पुढे चाकणला गाड्यांचे मोठे प्लांट आले. फोक्सवॅगनचा प्लांट २००९ साली सुरू झाला. मग भोसरीतला वेंडर एकाच वेळी तीन-चार कंपन्यांच्या पद्धती सांभाळू लागला. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन, महिन्याचं शेड्यूल, पीपीएपीची (म्हणजे पार्ट उत्पादनात घ्यायची) मंजुरी, लॉट रिजेक्ट झाल्याची सूचना, हे सगळं मेलवर येतं. एखाद्या लॉटमध्ये भोकाचं माप टॉलरन्सच्या किंचित बाहेर गेलं, तर ग्राहकाचा क्वालिटी इंजिनिअर ‘या लॉटपुरतं चालेल’ असं डेव्हिएशन मेलवरच देतो. पुढे कधीतरी त्याच पार्टची तक्रार आली, की वेंडरच्या बाजूनं बोलणारा कागद म्हणजे तो दोन ओळींचा मेल. वाहन उद्योगाचं आयएटीएफ १६९४९ हे मानक २०१६ साली आलं. पार्टची मंजुरी, टूलिंगच्या नोंदी, खरेदीच्या ऑर्डरी, करार हे सगळं तो पार्ट उत्पादनात आणि सर्व्हिसमध्ये चालू असेपर्यंत आणि त्यावर आणखी एक कॅलेंडर वर्ष जपावं, असं ते सांगतं. गाडीचं मॉडेल दहा वर्षं चाललं आणि त्यानंतरही स्पेअर पुरवावे लागले, तर हा काळ किती लांबतो याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा. जुना मेल ही भोसरीत हौसेची गोष्ट नाही.

आता फाइलकडे वळू. एक्सचेंजमध्ये कुठलाही बदल, म्हणजे नवा मेल येणं, फोल्डर बदलणं, काही पुसणं, हा थेट ईडीबीत लिहिला जात नाही. आधी तो लॉग फाइलमध्ये नोंदवला जातो आणि सवडीनं मुख्य डेटाबेसमध्ये चढतो. जुन्या पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत लिहून मग खतावणीत चढवत, तीच ही रीत. वीज गेली किंवा मशीन बसलं, तर खतावणी दोन-चार पानं मागे राहिलेली असते आणि ती पानं रोजकीर्दीत असतात. अशा फाइलची अवस्था तपासली की पडद्यावर ‘डर्टी शटडाउन’ असे शब्द येतात आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. त्याच पडद्यावर खाली ‘लॉग रिक्वायर्ड’ अशी ओळ असते, खरं वाचायचं ते तिथे. समजा तिथे ४८१२ ते ४८१६ असे आकडे आहेत. म्हणजे एवढ्या पाच लॉग फाइली मिळाल्या तर डेटाबेस स्वतःच स्वतःला सावरून घेईल. फोल्डरमध्ये मात्र ४८१२ नावाची फाइल सापडत नाही, कारण फाइलींची नावं सोळाच्या पायावरच्या मोजणीत असतात. तिथे शोधायची असते ती ई००००००१२सीसी. तोच आकडा त्या ओळीत पुढे कंसात दिलेला असतो. घाईत असलेला माणूस पहिले आकडे वाचून ‘लॉग नाहीत’ असं ठरवून मोकळा होतो. एक्सचेंज २००७ पासून लॉगची प्रत्येक फाइल १ एमबीची असते. म्हणजे वर्षानुवर्षांचा मेल वाचणार की नाही, हे कधीकधी ५ एमबीवर ठरतं.

या लॉग फाइलींचा घात बहुतेक वेळा बिघाडाच्या आधीच झालेला असतो. नीट बॅकअप झाला की एक्सचेंज जुने लॉग आपण होऊन काढून टाकतं. बॅकअप होतच नसेल तर ते साचत जातात, डिस्क भरते आणि डेटाबेस बंद पडतो. मग कोणीतरी ‘नुसते लॉगच तर आहेत’ म्हणून ते सगळे हातानं पुसतो. डिस्कवर जागा होते, आणि डेटाबेसला सावरायचा सरळ रस्ता तेवढ्यात बंद होतो.

इथे पहिला आक्षेप येतो : लॉगच्या मागे एवढं कशाला लागायचं, रिपेअर आहे ना? आहे. ईएसईयुटिल या मायक्रोसॉफ्टच्याच साधनात ‘पी’ हा पर्याय आहे आणि तो चालवला की बहुतेक डेटाबेस उघडतो. पण कसा, ते पाहा. जी पानं वाचता येत नाहीत किंवा एकमेकांशी जुळत नाहीत, ती हा पर्याय सरळ टाकून देतो. कुणाचा कुठला मेल गेला याची यादी देत नाही. डेटाबेस उघडला म्हणून सगळे खूश होतात आणि गेलेल्या मेलचा पत्ता वर्षभरानं ऑडिटमध्ये लागतो. २०१५ साली मायक्रोसॉफ्टनं धोरणच बदललं : असा रिपेअर झालेला डेटाबेस पुढे वापरत राहायचा नाही, त्यातले मेलबॉक्स नव्या डेटाबेसमध्ये हलवून तो रिकामा करायचा. ज्यांनी ते साधन बनवलं तेच त्याच्या निकालावर संसार मांडू देत नाहीत, एवढं माझ्या मते पुरेसं आहे. लॉग खरोखरच गेलेले असतील आणि बॅकअपही नसेल, तर रिपेअर करावाच लागतो. तेव्हा तो मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर करावा, आणि काय गेलं असू शकतं हे मालकाला लेखी सांगावं.

दुसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मला सगळ्यात वजनदार वाटतो. चाकणहून शेड्यूल येणार, गाडी भरायची, आणि तुम्ही लॉग मोजत बसलात तर धंदा कसा चालायचा? याचं उत्तर एक्सचेंजमध्येच आहे, फक्त ते वापरलं जात नाही. आधी सगळ्यांना रिकामे मेलबॉक्स द्यायचे. याला डायल टोन रिकव्हरी म्हणतात. त्यामुळे आजचा मेल आज येऊ-जाऊ लागतो. जुना डेटाबेस सावरून झाला की तो ‘रिकव्हरी डेटाबेस’ म्हणून बाजूला जोडायचा आणि त्यातला एकेक मेलबॉक्स चालू मेलबॉक्समध्ये मिसळायचा. मधल्या काळात बाहेरून आलेले मेलही लगेच हरवत नाहीत. मेलच्या देवघेवीचं जे मानक आहे, त्यानुसार पाठवणाऱ्या सर्व्हरनं निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहावं. मात्र समोरच्याकडेही एक्सचेंज असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे ते दोनच दिवस थांबतं, म्हणून रिकामे मेलबॉक्स त्याच्या आत उभे राहिले पाहिजेत. मिसळण्याचं जड काम गुरुवारी करावं. या पट्ट्यात साप्ताहिक सुटी गुरुवारी असते, फक्त त्या दिवशी वीज दुरुस्तीसाठी बंद राहणार आहे का ते आधी विचारून ठेवावं.

तिसरा आक्षेप पीएसटीचा. प्रत्येकाचा मेल एकेका पीएसटी फाइलमध्ये काढून त्याच्या कॉम्प्युटरवर आउटलुकला जोडून दिला, सगळं दिसतंय, मग बिघडलं कुठे? आज काहीच बिघडलेलं दिसत नाही, हीच त्यातली अडचण. ती फाइल एका माणसाच्या एका मशीनवर राहते, सर्व्हरच्या बॅकअपमध्ये येत नाही. माणूस नोकरी सोडतो, मशीन फॉरमॅट होऊन दुसऱ्याला मिळतं आणि परचेसच्या टेबलावरची काही वर्षं नाहीशी होतात. पीएसटी हा मधला टप्पा म्हणून चालेल, कारण ती फाइल चालू मेलबॉक्समध्ये आयात करता येते. मुक्काम म्हणून ती चालणार नाही.

आणि आयात करूनही एक गोष्ट राहतेच. ऑफिसातल्या ऑफिसात पाठवलेल्या मेलवर पाठवणाऱ्याचा पत्ता आपण समजतो तसा ‘अमुक अॅट कंपनी डॉट कॉम’ असा नसतो. एक्सचेंज तिथे स्वतःचा एक लांबलचक अंतर्गत पत्ता लिहून ठेवतं. त्यात संस्थेचं, गटाचं आणि माणसाचं नाव एकापाठोपाठ एक ओवलेलं असतं. नवा सर्व्हर कोऱ्या पाटीवर उभा केला की तीच माणसं तिथे नव्या अंतर्गत पत्त्यांनी जन्माला येतात. मग डिझाइनवाला गेल्या वर्षीचा स्टोअर्सचा मेल उघडून ‘रिप्लाय’ दाबतो, आणि समोरच्या टेबलावर बसलेला माणूस अस्तित्वातच नाही असं उत्तर त्याला परत येतं. उपाय साधा आहे : जुना अंतर्गत पत्ता नव्या मेलबॉक्सला एक्स-५०० प्रकारचा जादा पत्ता म्हणून जोडायचा. प्रत्येक माणसामागे एक ओळ. पण ती जोडायची तर जुने पत्ते माहीत हवेत आणि ते अॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे सर्व्हरवरच्या माणसांच्या नोंदवहीत, असतात. छोट्या ऑफिसांसाठी मायक्रोसॉफ्ट जो स्मॉल बिझनेस सर्व्हर विकत असे, ७५ माणसांपर्यंतचा, त्यात डिरेक्टरी आणि एक्सचेंज एकाच मशीनवर असत. ते मशीन गेलं की मेलबरोबर माणसांची नोंदही जाते. मग रिकव्हरी डेटाबेसचा रस्ताही बंद होतो, कारण तो त्याच डिरेक्टरीतल्या मेलबॉक्ससाठी चालतो. अशा वेळी थेट ईडीबी वाचणारी बाहेरची सॉफ्टवेअर खरोखर उपयोगी पडतात, त्यांना मी नावं ठेवणार नाही. मेल ती काढून देतात. कुठला मेल कुठल्या जित्याजागत्या माणसाचा हे जुळवणं काम करणाऱ्यावरच राहतं.

तारखेचंही तसंच. आयमॅपच्या मार्गानं मेल चढवताना मिळाल्याची मूळ तारीख सोबत पाठवणं साधनावर अवलंबून असतं. ती पाठवली नाही, तर नवा सर्व्हर चढवल्याचाच दिवस मिळाल्याचा दिवस मानतो आणि दहा वर्षांचा मेल एकाच दिवशी आल्यासारखा रांगेत उभा राहतो. मेलच्या आतली तारीख बदलत नाही, हे खरं. पण वाद कोर्टापर्यंत गेला तर दोन तारखांचा खुलासा करत बसावं लागतं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे आहेत, आणि हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजतात. हरकत कधी कळवली याला तिथे किंमत असते. इलेक्ट्रॉनिक पुरावा किती काटेकोरपणे पाहिला जातो हे जालन्याच्या निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात दिसलं. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही, हा मुद्दा निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर येऊन ठेपला होता. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूणही, द्यावी लागते. म्हणून स्थलांतर झाल्यावरही मूळ ईडीबी आणि लॉग जसेच्या तसे, हॅश काढून, वेगळ्या डिस्कवर ठेवावेत, असं मी प्रत्येक मालकाला सांगतो.

‘जुनं सोडा, क्लाउडवर कोरी सुरुवात करू’ हा शेवटचा आक्षेप. क्लाउडला माझा विरोध नाही. वीस माणसांच्या ऑफिसाला तो बहुधा बरा. पण तो जुना मेल आपोआप आणत नाही. बंद फाइलमधून तिथे जायचं तरी लॉग, पत्ते आणि तारखा यांचं काम तेवढंच पडतं.

सर्व्हर जिवंत असताना मात्र हेच काम फार सोपं असतं. एका चालू सर्व्हरवरून दुसऱ्यावर मेलबॉक्स हलतो तेव्हा माणूस मेल वाचत-लिहीत राहतो, पत्ते आणि तारखा जशाच्या तशा जातात, शेवटी फार तर एकदा आउटलुक बंद करून उघडावं लागतं. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ या दोन्हींचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांच्याकडे ते अजून चालू आहेत त्यांनी मशीन बसायची वाट पाहू नये. आणि हलवायला वेळ लागणारच असेल, तर ईडीबी, लॉग आणि अॅक्टिव्ह डिरेक्टरी या तिन्हींची एकाच दिवशीची प्रत सर्व्हरच्या बाहेर आहे का, एवढं येत्या गुरुवारी तपासून घ्या.