परत बोलावण्याचा हक्क कोणाच्या हाती?

निवडणूक आली की वस्तीत गाड्या येतात. हात जोडले जातात, म्हाताऱ्यांच्या पाया पडले जाते. निकाल लागला की पाच वर्षे दर्शन नाही. नळ कोरडा, संडासाची टाकी वाहते आहे आणि साहेब मात्र कायम मीटिंगमध्ये! मग नाक्यावर, विहारात, लोकलच्या डब्यात एकच सवाल ऐकू येतो : निवडून देता येते, तर परत का बोलावता येऊ नये?

सवाल रास्त आहे आणि जुनाही आहे. जयप्रकाश नारायण यांनी १९७४ च्या आंदोलनात ही मागणी केली होती. त्याच वर्षी सी. के. चंद्रप्पन यांनी लोकसभेत तसे विधेयक मांडले, पण ते संमत झाले नाही. आमदार-खासदाराला मतदारांनी परत बोलावण्याची सोय आजही आपल्या कायद्यात नाही.

शेजारच्या मध्य प्रदेशात मात्र नगराध्यक्षांसाठी ती झाली. तेथे मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. ठेवायचा तर भरलेलीवर शिक्का, काढायचा तर रिकामीवर. २००१ साली अनूपपूरच्या नगराध्यक्षांना मतदारांनी असेच घरी पाठविले. २००८ साली छत्तीसगडमध्ये तीन नगर पंचायतींचे अध्यक्ष गेले. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही मागणी मतदार सुरू करीत नाहीत. तीन चतुर्थांश नगरसेवकांनी लेखी मागणी केली, तरच मतदान होते. म्हणजे दोरी पुढाऱ्यांच्याच हाती!

मी कारकून माणूस. कागदावर काय लिहिले आहे ते आधी पाहतो. माझी मावसबहीण काही वर्षांपूर्वी राखीव जागेवर सरपंच झाली. सातवी शिकलेली, पण हिशेबाला पक्की. बिल पाहिल्याशिवाय चेकवर सही करीत नसे. पाण्याची पाइपलाइन तिने आधी आमच्या वस्तीत आणली. मग काय? सदस्यांना देवदर्शनाच्या सहलीला नेले आणि ते परतले ते थेट अविश्वासाच्या सभेलाच. ठरावात कारण काय, तर "सदस्यांना विश्वासात घेत नाही." एका रुपयाचाही घोटाळा दाखविता आला नाही, तरी बाई पायउतार झाली.

आता थेट निवडून आलेल्या सरपंचाला काढायचे तर तीन चतुर्थांश सदस्यांच्या ठरावानंतर ग्रामसभेची मंजुरी लागते. सुधारणा चांगली आहे. पण ज्या गावात आपली घरे वीस आणि बाकीची तीनशे, तेथे ग्रामसभेत मते कोणाची जास्त पडणार?

म्हणून पुणे करार आठवतो. २४ सप्टेंबर १९३२ च्या त्या कराराने १४८ राखीव जागा मिळाल्या, पण त्या भरणारे मतदार सगळेच. त्यातला धोका ओळखून प्राथमिक निवडणुकीची सोय ठेवली होती. आधी आपल्या मतदारांनी चार उमेदवार निवडायचे, मग त्यांतून एकाला सर्वांनी. ती सोय दहा वर्षांपुरतीच होती. ती गेली आणि राखीव जागेवरच्या माणसाला दुसऱ्यांच्या दारात उभे राहण्याची पाळी आली. परत बोलावण्याचा हक्क तसाच मोकळा सोडला, तर जो आपल्यासाठी भांडेल तोच आधी परत जाईल. मान डोलावणारा मात्र पाच वर्षे सुखात राहील.

मग हा हक्क नको का? हवा. पण अटींसह हवा. मागणी मतदारांनीच करावी, सदस्यांनी नव्हे. आरोप लेखी असावा आणि त्याची चौकशी व्हावी. पहिली दोन वर्षे काम करू द्यावे. राखीव जागा असेल, तर ज्या समाजासाठी ती राखीव आहे, त्याच्या निम्म्याहून अधिक मतदारांच्या सह्या मागणी अर्जावर असल्याशिवाय मतदानच होऊ नये. पुणे करारात पहिला शब्द आपल्या मतदारांचा होता. येथेही तोच असावा.

तोवर आपण हात बांधून बसायचे काय? मुळीच नाही. ग्रामसभेला घरातल्या बायकांसह जा. जमाखर्च मोठ्याने वाचायला लावा. वॉर्डात किती निधी आला, कोठे गेला, याचा माहितीच्या अधिकारात अर्ज करा. चुकणाऱ्याला जाब विचारा, आणि चोख काम करणाऱ्या आपल्या भगिनीवर कोणी ठराव आणला, तर त्या दिवशीची मजुरी बुडाली तरी सभेला हजर राहा. जयभीम!