पापणीची कड

आमच्या जेऊरच्या शिवारात घरचा बैल गेला तर त्याला कुणी ओढून टाकत नाही. बांधालगत खड्डा घेतात, मीठ ओततात, कपाळाला हळदकुंकू लावतात; घरातली बाई त्याच्या तोंडावरून शेवटचा हात फिरवते. रानातल्या जनावराच्या वाट्याला तो हात येत नाही. डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात माणसं मारणारा बिबट्या वांगीच्या शिवारात गोळीनं पडला, तेव्हा आम्ही सगळ्यांनीच सुटकेचा श्वास टाकला. चिखलठाणला ऊसतोड कामगारांची लहानगी पोर गेली होती. तिच्या आईला कोणत्या तोंडानं भूतदया सांगायची? तरीही मोबाइलवर फिरणारा त्या मेलेल्या जनावराचा फोटो मला बघवला नाही.

म्हणूनच मेलेल्या रानजनावराला तो शेवटचा हात देणारं डॉ. संतोष गायकवाड यांचं काम मला मोलाचं वाटतं. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे गायकवाड बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या केंद्रात मेलेल्या वाघ-बिबट्यांची कातडी जपून त्यांना पुन्हा उभं करतात. हे केंद्र 2009 साली सुरू झालं. पूर्वी म्हैसूरला व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यातही असे वाघ उभे राहत, पण ते राजेरजवाड्यांनी आणि साहेबांनी टिपलेले. जबडा वासलेला, सुळे बाहेर. वाघ जितका भयंकर, तितका मारणारा मोठा! बोरिवलीत मात्र आजारानं, म्हातारपणानं किंवा अपघातानं गेलेलं जनावर येतं, तेही वनखात्याच्या परवानगीनं.

कातडं अलगद सोडवायचं, चरबी खरवडायची, मीठ चोळायचं. बैलाच्या खड्ड्यात पडतं तेच मीठ. मग कातडं कमवून, आतला देह मापानं नव्यानं घडवून, त्यावर ते चढवायचं. डोळे काचेचे. खरी कसोटी लागते ती पापणीच्या कडेशी: केसभर जास्त ताणली की जनावर भेदरलेलं दिसतं, सैल सोडली की पेंगुळलेलं. तिथं तासन्‌तास घालवणाऱ्या बोटांना त्या जिवाची माया असल्याशिवाय ती कड जमणार नाही, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या माळावरचे लांडगे रस्त्यावर गाड्यांखाली येतात. त्यातला एखादा असा घडवून करमाळ्यातल्या शाळेत ठेवावा. गुरगुरणारा नको. कान मेंढरांच्या घंटांकडे वळलेले, एक पाय अर्धवट उचललेला, तोंड मिटलेलं. आणि पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर.