मशीन चालू आहे ना, मग झालं!

गेल्या सेमिस्टरला मी एका मुलीचा बरोबर असलेला प्रोग्रॅम चुकीचा ठरवला. आधी हे कबूल करतो आणि मग पुढचं लिहितो.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर कॉम्प्युटर शिकवतो. कॉलेजचं नाव देत नाही. नाव बदललं तरी गोष्ट हीच राहील, हे वाचणाऱ्या अनेकांना माहीत आहे. लॅबमध्ये बावीस मशीन्स, सगळ्यांवर विंडोज ७.

त्या दिवशी पायथनचं प्रॅक्टिकल होतं. मेनू दाखवायचा, आकडा घ्यायचा, त्याप्रमाणे काम करायचं. सगळ्यांनी इफ-एल्सची लांबलचक माळ लावली. या मुलीने ‘मॅच’ आणि ‘केस’ वापरून सुटसुटीत प्रोग्रॅम लिहिला. रन केला तर ‘इनव्हॅलिड सिंटॅक्स’. मी मागून बघितलं आणि म्हणालो, “अगं, सी मधलं स्विच-केस इथे कशाला आणलंस? पायथनमध्ये असं नसतं.”

ती म्हणाली, “सर, घरी मोबाइलवर चालला होता.”

“मोबाइलवरचं सोड. इथे स्क्रीनवर काय दिसतंय ते बघ.”

वर्ग हसला. तिने मुकाट्याने सगळं खोडून इफ-एल्स लिहिलं.

रात्री चैन पडेना म्हणून शोधलं. पायथनमध्ये मॅच-केस आहे. ३.१० व्हर्जनपासून आहे, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून. आमच्या लॅबमध्ये ३.८ आहे, आणि विंडोज ७ वर चालणारं ते शेवटचं व्हर्जन. ३.९ पासून पायथनला किमान विंडोज ८.१ लागतं. म्हणजे त्या पोरीच्या नऊ हजारांच्या मोबाइलमधलं पायथन कॉलेजच्या लॅबपेक्षा नवीन होतं. आणि सरांपेक्षाही!

दुसऱ्या दिवशी भर वर्गात सांगितलं की चूक माझी होती. ती एवढंच म्हणाली, “सर, मला वाटलं मीच ढ आहे.”

हे वाक्य डोक्यातून जात नाही. अशी किती पोरं स्वतःला ढ समजून बसली असतील?

आता हे का होतं ते थोडक्यात. कुठलाही प्रोग्रॅम एकटा चालत नाही. फाइल उघडणं, मेमरी मागणं, नेटला जोडणं, असल्या प्रत्येक कामासाठी तो ऑपरेटिंग सिस्टिमकडे हात पसरतो. नवीन टूल ज्या सोयी मागतं, त्या जुन्या सिस्टिमकडे नसतातच. विंडोज ७ आलं २००९ मध्ये. मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला त्याचा सर्वसाधारण सपोर्ट थांबवला. मग एकेकाने हात काढला. नोडने १४ व्या व्हर्जनपासून, व्हीएस कोडने २०२२ मध्ये १.७० नंतर, क्रोमने १०९ नंतर. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? ज्या सिस्टिमला तिच्या मालकानेच वाऱ्यावर सोडलं, तिच्यावर दुसऱ्यांनी किती दिवस टेस्टिंग करत बसायचं?

मग सुरू होतो जुगाड. एका मुलाने घरून पेनड्राइव्हमध्ये नवीन पायथनचं अख्खं फोल्डर आणलं. चालवलं तर अमुक डीएलएल फाइल सापडत नाही असा मेसेज. पोराने व्हिडिओ बघितला, कुठल्यातरी साइटवरून ती फाइल उतरवली आणि सिस्टिमच्या फोल्डरमध्ये टाकली. पुढच्या आठवड्यात अर्ध्या लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावला की सगळ्या फाइल्स गायब आणि नुसते शॉर्टकट. त्या फाइलमुळेच झालं असं छातीठोक सांगता येणार नाही. पण याच मशीन्सवर, याच जुन्या क्रोममधून, पोरं महाडीबीटीचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरतात. आधार नंबर, बँकेचं पासबुक, सगळं. तेव्हा हा प्रश्न फक्त पायथन शिकणाऱ्यांचा राहत नाही.

हे सगळं घेऊन ऑफिसात गेलो. उत्तर आलं, “मशीन चालू आहे ना? मग झालं!”

चिडलो होतो, पण त्यांचीही बाजू ऐकून घेतली. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, माऊस यांची नोंद आहे. ऑपरेटिंग सिस्टिम कुठली आणि तिची मुदत कधी संपली, याला रकानाच नाही. चालू मशीनचं निर्लेखन होत नाही. अनुदान एकदा आलं, खरेदी झाली, फीत कापली, पेपरात फोटो आला. पुढे? हेडक्लार्क म्हणाले, “सर, रॅम घ्यायची तर हेड कुठला दाखवू?” माणूस खोटं बोलत नव्हता. वर्षाला देखभालीचा हेडच नाही.

म्हटलं एक मशीन तरी करून बघू. तपासलं तर विंडोज ३२ बिटचं, पण प्रोसेसर चांगला ६४ बिटचा. स्वतःच्या खिशातून एसएसडी घेतली, दुसऱ्या बंद पडलेल्या मशीनची रॅम काढून यात लावली, चार जीबी झाली. वर लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाकली. २२ व्या आवृत्तीत पायथन ३.१२ सोबतच येतं. खर्च दोन हजारांच्या आत. त्या मुलीला बोलावलं आणि म्हटलं, “तुझा जुना प्रोग्रॅम टाक.” पहिल्या झटक्यात चालला.

लिनक्सने सगळं सुटतं असं नाही. कॉमर्सच्या पोरांना टॅली लागतं, त्यासाठी काही मशीन्स विंडोजवर ठेवावीच लागतील, तीही सपोर्ट असलेल्या. पण केरळच्या सरकारी शाळांमध्ये कितीतरी वर्षं लिनक्सवर शिकवतात. त्यांना जमतं तर आपल्याला का नाही?

आणि कोणी म्हणेल की विंडोज १० टाका. त्याचाही मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि नवे प्रोसेसर लागतात, ते या डब्यांमध्ये नाहीत. म्हणजे आज काही केलं नाही तर विंडोज १० वाल्या लॅबचीही हीच गत होणार आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावच्या शाळेत, कॉलेजात, संस्थेच्या मीटिंगला जाल तेव्हा “कॉम्प्युटर किती?” असं विचारू नका. तीन गोष्टी विचारा. सिस्टिम कुठली? तिची मुदत कधी संपते? आणि देखभालीला दरवर्षी किती पैसे ठेवलेत?

परवा ती मुलगी पुन्हा आली. “सर, परीक्षेला मॅच लिहू की इफ-एल्स?”

नवीन सिस्टिमचं मशीन एकच आहे आणि परीक्षेत तिच्या वाट्याला कुठलं येईल ते मला माहीत नाही. “इफ-एल्सच लिही,” म्हणालो.

येत असलेलं लिहू नकोस, असं विद्यार्थ्याला सांगायची वेळ माझ्यावर आली.