वर्गात शिकलो ते वस्तीला कधी सांगणार?



शिक्षण आणि समाजकार्य यांची सांगड घातली पाहिजे, असं दरवर्षी जयंतीच्या स्टेजवरून सांगितलं जातं. टाळ्या पडतात. दुसऱ्या दिवशी शिकलेला माणूस आपल्या कामाला लागतो आणि वस्ती आपल्या. ही सांगड का बसत नाही? दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगावी लागेल.

एम.ए. समाजशास्त्राच्या शेवटच्या वर्षी आम्हाला क्षेत्रकार्य होतं. विषय, वस्तीतल्या मुलींची शैक्षणिक गळती. आम्ही आमच्या घराशेजारचीच वस्ती निवडली. एका घरात धुणीभांडी करणाऱ्या मावशी भेटल्या. मुलगी बारावी पास झालेली, पण कॉलेजने प्रवेशालाच पूर्ण फी मागितली म्हणून घरी बसलेली. आम्ही रकान्यात लिहिलं, 'आर्थिक कारण'. मावशींनी चहा दिला आणि निघताना विचारलं, "बाळा, हे लिहून नेल्यावर पोरीचं काही होईल का रं?" आम्ही म्हणालो, "मावशी, हा फक्त अभ्यास आहे."

तेव्हा आम्ही स्वतः भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकत होतो. अर्ज कधी भरायचा, कोणते दाखले लागतात, कॉलेजच्या कुठल्या खिडकीवर कुणाला भेटायचं, सगळं आम्हाला पाठ होतं. पण तोंडातून एक शब्द निघाला नाही. संशोधकाने तटस्थ राहावं, समोरच्याच्या आयुष्यात ढवळाढवळ करू नये, असं आम्हाला वर्गात शिकवलं होतं आणि आम्ही ते आज्ञाधारकपणे पाळलं. अहवालाला चांगले गुण मिळाले. वर्षभराने कळलं की त्या मुलीचं लग्न झालं. शिष्यवृत्तीचं सांगितलं असतं तर ती शिकलीच असती, असा आमचा दावा नाही. पण तिला ती संधी आहे हे कळण्याचा हक्क होता, आणि तो आम्ही तिला नाकारला.

चूक एकट्या आमची होती का? समाजशास्त्राच्या पुस्तकात ज्याला 'फील्ड' म्हणतात, ते आमचं घर आहे. बाहेरून येणाऱ्याला तिथे तटस्थ राहणं परवडतं. आम्ही मात्र आमच्याच आईबापांकडे परक्याच्या नजरेने पाहायला शिकलो आणि त्यालाच शास्त्र समजलो. माहिती नीट गोळा करावी, स्वतःच्या मतासाठी ती वाकवू नये, ही शिस्त हवीच. पण माहिती घेतल्यावर देणाऱ्याला काहीच परत न करणं ही शिस्त नव्हे.

दुसरी अडचण 'सेवा' या शब्दाची. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. विद्यार्थ्याने दोन वर्षांत २४० तास काम करायचं आणि सात दिवसांच्या निवासी शिबिराला जायचं, अशी तिची रचना. हेतू चांगला आहे, त्यातून चांगले कार्यकर्तेही घडले. पण आम्ही गेलो त्या शिबिरात गावचा रस्ता झाडला, फोटो काढले आणि परतलो. या गावात झाडू पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. आमच्या पूर्वजांनी वतनाच्या नावाखाली गावाची सक्तीची सेवा केली. तेच जोखड उतरवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. म्हणून आम्ही सेवा म्हणत नाही, परतफेड म्हणतो. आपल्याला शाळेत पाठवण्यासाठी ज्यांनी हाडाची काडं केली, त्यांचं देणं आपल्यावर आहे.

काही पालक म्हणतात, "पोरांना शिकू द्या, चळवळ नंतर." त्यांची भीती खरी आहे. चळवळीत परीक्षा हुकलेली मुलं आम्हीही पाहिली आहेत. पण बाबासाहेबांकडे पाहा. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात त्यांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला, म्हणजे आपल्या समाजाचा प्रश्न त्यांनी वर्गात नेला. १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केलं, म्हणजे मिळवलेलं ज्ञान समाजात आणलं. हा दुहेरी रस्ता आहे. आपण एकाच दिशेने चालतो. १९५६ मध्ये आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल जी खंत बोलून दाखवली, ती आपण भाषणात दुसऱ्यांना ऐकवतो, स्वतःला नाही.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. निकाल लागले की रविवारी वंदना झाल्यावर विहारात पदवीची मुलं-मुली मोबाईल घेऊन बसतात आणि वस्तीतल्या विद्यार्थ्यांचे महाडीबीटीचे अर्ज भरून देतात. आठवड्याला तीन-चार तास. अट एकच, कोणता अर्ज कुठे आणि कशामुळे अडला हे वहीत लिहायचं. त्या वह्यांनी आम्हाला शिकवलं. पुस्तकात कारण असतं 'जागृतीचा अभाव'. वहीत वेगळंच निघालं. उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळत नाही, कारण त्यासाठी बापाला दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते. बँक खात्याला आधार जोडलेला नसतो. अडीच लाखांच्या मर्यादेपेक्षा उत्पन्न कितीतरी कमी, पण ते सिद्ध करायला कागद नाही. दोष वस्तीच्या अज्ञानाचा नाही, कागद मागणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

म्हणून अर्ज भरून आमचं काम संपत नाही. नाहीतर सरकारने करायचं काम आम्ही फुकटात करत राहू आणि सरकार निवांत राहील. वहीतल्या नोंदी आधी वस्तीसमोर वाचून दाखवतो, मग निवेदन घेऊन समाजकल्याण कार्यालयात जातो. आमच्यातल्या एका बी.ए.च्या मुलीने याच नोंदींवर कॉलेजचा प्रकल्प लिहिला. तिचं पहिलं वाचन विहारात झालं, कॉलेजात नंतर. एक आजी मध्येच उठून म्हणाल्या, "हे चुकलं, माझ्या नातवाचा दाखला तीनदा परत आला, तू दोनदा लिहिलंस." तिने तिथेच दुरुस्त केलं. एवढी कडक तपासणी आमच्या एम.ए.च्या अहवालाची कुणी केली नव्हती.

त्या मावशी आजही त्याच वस्तीत राहतात. गेल्या वर्षी त्यांची नात दहावी झाली आणि त्या तिला घेऊन विहारात आल्या. आम्हाला ओळखलं की नाही, माहीत नाही. आम्ही ओळखलं. नातीचा अर्ज आम्ही स्वतः भरला.

मित्रांनो, या वर्षी तुमचा प्रकल्प असेल, प्रबंध असेल, तर विषय ठरवण्याआधी वस्तीत जाऊन विचारा की तुम्हाला काय कळायला हवं आहे. आणि लिहून झालं की आधी तिथे वाचून दाखवा.

जय भीम!